कर्तृत्वनिश्चिती, संख्याशास्त्र आणि अभ्यासकाची आज्ञावली

शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या टोपणनावाने १८९८-९९ च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात लिहिलेल्या लेखमालेमुळे ज्ञानेश्वर एक की दोन हा वाद उभा राहिला. ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि विठ्ठलभक्तीचे अभंग रचणारे ज्ञानदेव हे भिन्न पुरुष होत, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी पुढे केलेल्या प्रमाणांत दैवताचा व संप्रदायाचा मुद्दा होता, तसाच भाषेचाही होता. द्वैतवादी पक्ष पुढे मागे पडला हे खरे; परंतु भाषेच्या मुद्द्याचे स्वरूपच असे आहे की तो कोणालाही, केव्हाही पुन्हा उकरून काढता येतो. आजच्या काळात तर त्यासाठी विद्वत्तेचीही गरज उरलेली नाही. ज्ञानेश्वरीची संहिता आणि अभंगांची गाथा संगणकावर उतरवून घ्यावी, संख्याशास्त्रीय विश्लेषणाचे सॉफ्टवेअर उघडावे, पडद्यावरील दोन-चार पर्याय निवडावेत आणि कळ दाबावी. काही क्षणांत एक वृक्षाकृती समोर येईल. तीत ओव्या एका फांदीवर आणि अभंग दुसऱ्या फांदीवर बसलेले दिसण्याचा संभव फार मोठा आहे. मग ‘संगणकाने भारद्वाजांना कौल दिला’ असे शीर्षक सुचायला कितीसा वेळ लागणार?

ही धास्ती अगदीच काल्पनिक नाही. मराठीच्या शोधप्रबंधांतून आणि चर्चासत्रांतील निबंधांतून वारंवारतेची कोष्टके व वृक्षाकृती दिसू लागल्या आहेत. त्यांचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ही कोष्टके कशी सिद्ध झाली असे विचारले असता ‘अमुक सॉफ्टवेअरने काढली’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. एका चर्चासत्रात तर निबंधवाचकाने, ते काम बाहेरून करवून घेतले आहे, असे मोकळेपणाने सांगितले आणि सभागृहात कोणाला त्यात वावगे वाटले नाही. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, वाङ्मयाच्या अभ्यासकाने संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरावयाचे असेल तर ते पडद्यावरील पर्याय निवडून वापरू नये. स्वतः लिहिलेल्या, निदान स्वतःला ओळीओळीने वाचता येणाऱ्या आज्ञावलीकडून ते चालवावे, आणि ती आज्ञावली प्रबंधाचा भाग म्हणून सादर करावी. हे तंत्रज्ञांचे काम आहे, आपले नव्हे, असे म्हणणाऱ्यांशी हा मतभेद आहे.

प्रथम या पद्धतीचे स्वरूप थोडक्यात पाहू. अमेरिकेतील ‘फेडरलिस्ट’ निबंधांपैकी बारा निबंध हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, या प्रश्नावरील मॉस्टेलर आणि वॉलेस यांचा ग्रंथ १९६४ मध्ये प्रसिद्ध झाला. लेखकाच्या नकळत येणाऱ्या क्षुल्लक शब्दांची वारंवारता त्यांनी आधारभूत धरली व निबंध मॅडिसनच्या पदरात टाकले. जॉन बरोज यांनी २००२ मध्ये ‘डेल्टा’ नावाचे सोपे माप मांडले. सर्व संहितांत मिळून सर्वाधिक येणारे शंभर किंवा पाचशे शब्द घ्यावयाचे. प्रत्येक संहितेतील त्यांचे प्रमाण एकंदर सरासरीपासून किती प्रमाणविचलने दूर आहे ते काढावयाचे. आणि दोन संहितांमधील या अंतरांच्या फरकांची सरासरी घ्यावयाची. ती जितकी कमी तितकी शैली जवळची. २०१३ मध्ये रॉबर्ट गॅलब्रेथ या नावाने आलेली कादंबरी जे. के. रोलिंग यांची असल्याचे उघड झाले, त्या वेळीही शब्दगणनेची अशीच काही मापे कामी आली. आज ‘आर’ या संख्याशास्त्रीय भाषेत एडर, रिबिकी आणि केस्तेमाँ यांनी सिद्ध केलेला ‘स्टायलो’ हा संच या कामासाठी विनामूल्य उपलब्ध आहे. तो सुरू करताच पर्यायांची खिडकी समोर येते. परंतु ती खिडकी बंद ठेवून सर्व पर्याय आज्ञेतूनच सांगण्याची सोयही त्यात आहे. या दुसऱ्या सोयीकडे आपले लक्ष जात नाही.

एका प्रोग्रामने दुसऱ्या सॉफ्टवेअरला चालवावे, ही कल्पना नवी नाही. ‘एसपीएसएस’ हे सामाजिक शास्त्रांतील सुपरिचित सॉफ्टवेअर १९६८ पासूनचे आहे आणि आरंभी ते लिखित आज्ञांवरच चालत असे. खिडक्या आणि कळा नंतर आल्या. आजही त्याच्या प्रत्येक खिडकीत ‘पेस्ट’ नावाची कळ असते. ती दाबली की आपण निवडलेल्या पर्यायांची लिखित आज्ञा तयार होऊन मिळते. ज्यांना आज्ञावलीचे भय वाटते त्यांनी येथून आरंभ करण्यास हरकत नाही. १९९० च्या दशकात मायक्रोसॉफ्टने ‘ऑटोमेशन’ या नावाने अशी व्यवस्था रूढ केली की, व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला छोटा प्रोग्राम एखादे मोठे सॉफ्टवेअर पडद्याआड सुरू करी, त्याला माहिती पुरवी, आज्ञा देई, उत्तर परत घेई आणि ते बंद करी. ‘आर’च्या बाबतीत हेच काम निरनिराळ्या मार्गांनी होते. ‘आरसर्व्ह’मुळे आर ही सेवकासारखी पार्श्वभूमीवर तिष्ठत राहते व अन्य भाषांतील प्रोग्रामांकडून आलेल्या आज्ञा पाळते, पायथन या भाषेतून आरला आज्ञा देण्यासाठी ‘आरपाय-२’ आहे. मार्ग कोणताही असो, श्रमविभाग एकच. गणित करणारे यंत्र गणित करते. कोणत्या संहिता, कोणत्या क्रमाने, कोणत्या नियमांनी शुद्ध करून, कशाचे एकक धरून त्याच्यापुढे ठेवावयाच्या, हे वरची आज्ञावली ठरवते. वाङ्मयाच्या अभ्यासकाचे क्षेत्र हे दुसरे होय. गणिताचा भाग इतरांनी कधीच निर्दोष करून ठेवला आहे. निवडीचा भाग आपल्यासाठी कोणीही करून ठेवलेला नाही.

ही गोष्ट ‘शब्द’ या एकाच संकल्पनेवरून स्पष्ट होईल. सॉफ्टवेअरला शब्द म्हणजे काय हे कोणीतरी सांगावे लागते. न सांगितल्यास ते आपल्या निर्मात्याची व्याख्या वापरते, आणि निर्मात्याच्या डोळ्यांपुढे देवनागरी असतेच असे नाही. पायथनच्या मूळ संचात शब्दातील अक्षरे ओळखण्याचे जे तयार सूत्र आहे ते व्यंजने व स्वतंत्र स्वर यांना अक्षरे मानते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्तचिन्ह यांना मानत नाही. त्यामुळे ‘मराठी’ या शब्दाचे ‘मर’ आणि ‘ठ’ असे दोन तुकडे होतात. ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ या दोहोंतूनही ‘म’ आणि ‘लग’ एवढेच हाती लागते. ‘सायकिट-लर्न’ हा लोकप्रिय संच याच सूत्राचा आधार घेतो व शिवाय एकाक्षरी तुकडे गाळून टाकतो. परिणामी ‘तो’, ‘ती’, ‘ते’, ‘मी’ आणि ‘नाही’ हे शब्द गणनेतून समूळ नाहीसे होतात. विभावरी शिरूरकर यांच्या ‘कळ्यांचे निःश्वास’ या १९३३ च्या संग्रहाचा अशा पद्धतीने अभ्यास झाला, तर त्यातली ‘ती’ जाईल, ‘स्त्री’ जाईल, ‘बाई’ही जाईल; ‘आई’ मात्र दोन स्वतंत्र स्वरांच्या बळावर टिकून राहील! यंत्र याबद्दल कोणतीही सूचना देत नाही. कोष्टक नेहमीसारखेच नीटनेटके येते, वृक्षही येतो आणि त्यावर विवेचनही करता येते. आज्ञावली समोर असेल तर शब्दाची व्याख्या करणारी ती एक ओळ मराठी जाणणाऱ्या वाचकाला दाखवून देता येईल. केवळ कोष्टक समोर असेल तर ती शोधण्याचा कोणताच मार्ग नाही.

ही ओळ दुरुस्त करणे अवघड नाही. देवनागरीच्या चिन्हांचा टापू स्वतः आखून द्यावा म्हणजे झाले. परंतु तेथेही विचार करावा लागतो. संपूर्ण टापू घेतला तर दंड व अंकही त्यात येतात, आणि ओवीच्या शेवटच्या शब्दाला लागून छापलेले दंड व ओवीक्रमांक त्या शब्दाचाच भाग होऊन बसतात. म्हणजे प्रत्येक ओवीचा अखेरचा, नेमका यमकाच्या जवळचा शब्द एकेकटा पडतो. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे लिहिता येते, तसेच ‘अ’वर चंद्र देऊनही, डोळ्यांना दोन्ही एकच दिसतात, यंत्राला भिन्न. ‘दुसऱ्या’मधील अर्ध्या रफाराचेही टंकनाचे दोन मार्ग आहेत. दोन टंकलेखकांनी उतरवलेल्या दोन कादंबऱ्यांत यंत्राला शैलीभेद दिसला, तर तो लेखकांचा की टंकलेखकांचा? जुन्या मराठी फाँटमधून रूपांतरित केलेल्या मजकुराची कथा याहून निराळी. शुद्धलेखनाचे १९६२ चे नियम हा तर मोठाच बांध आहे. त्यापूर्वीच्या छपाईत ‘तें’, ‘कांहीं’, ‘नाहीं’, ‘घरांत’ अशी सानुनासिक रूपे सर्रास आढळतात आणि ती अत्यंत वारंवार येणारी आहेत. हरिभाऊ आपट्यांची एक कादंबरी मूळ छपाईवरून आणि दुसरी नव्या आवृत्तीवरून घेतली, तर एकाच लेखकाचे दोन लेखक होण्यास दुसरे काही लागणार नाही.

याहून मूलगामी प्रश्न प्रत्ययांचा आहे. इंग्रजीत ‘चा’, ‘ला’, ‘मध्ये’ यांचे काम करणारे शब्द सुटे लिहिले जातात आणि डेल्टासारखी मापे बव्हंशी त्यांच्याच आधारावर उभी आहेत. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाला जोडून येतात; ‘घरासमोरच्या’ हा यंत्राच्या लेखी एक दुर्मीळ शब्द ठरतो व त्याच्या पोटातील नित्याचे घटक दृष्टीआड होतात. तेव्हा शब्द जसाच्या तसा घ्यावा, की प्रत्यय सोडवून घ्यावेत, की शब्द सोडून तीन-चार अक्षरांचे गट मोजावेत? तिन्ही मार्ग समर्थनीय आहेत आणि तिन्हींची उत्तरे वेगळी येऊ शकतात. व्याकरणाचा हा जुना प्रश्न आता संख्याशास्त्राच्या दारातून परत आला आहे, एवढेच. तो पायथनच्या जाणकारावर सोपवून आपण मोकळे होऊ शकत नाही.

आता पुन्हा ज्ञानेश्वरांकडे वळू. ओव्या आणि अभंग वेगळ्या फांद्यांवर बसले तर त्याचा अर्थ काय? एक प्रवचनरूप टीकाग्रंथ, सुमारे नऊ हजार ओव्यांचा, शके १२१२ चा. दुसरी गेय, स्फुट, दीर्घकाळ मुखपरंपरेतून आलेली रचना, जिच्या भाषेला पिढ्यापिढ्यांच्या गायकांचे हात लागले. फरक पुरुषाचा नसून वाङ्मयप्रकाराचा आणि संक्रमणाचा असू शकतो. हे तपासण्याची रीत म्हणजे ज्याच्या एकत्वाबद्दल वाद नाही असा, ओवी आणि अभंग दोन्ही लिहिणारा कवी तुलनेसाठी घेणे. एकनाथ असे आहेत. त्यांचे भागवत ओवीत आहे आणि अभंगांची गाथाही आहे. रामदासही घेता येतील. यंत्राने एकनाथांचेही दोन तुकडे केले, तर ज्ञानेश्वरांच्या दोन तुकड्यांना भारद्वाजांच्या पक्षाचे प्रमाण म्हणता येणार नाही. उलट एकनाथ एकत्र राहिले आणि ज्ञानेश्वर तेवढे दुभंगले, तर मात्र विचार करावा लागेल. आणि तरीही तो संक्रमणाच्या दिशेनेच प्रथम करावा लागेल.

हा प्रयोग सांगायला सोपा आहे, करायला नाही. अभंगांत मुद्रा असते. ‘बापरखुमादेवीवरु’ किंवा ‘एका जनार्दनी’ ही नाममुद्रा अभंगागणिक येत असल्याने ती वारंवारतेच्या यादीत वर चढणार आणि यंत्र शैलीऐवजी सहीवरूनच कवी ओळखणार. आपल्या मुद्रेखाली दुसऱ्याने रचना करणे ही तर संतवाङ्मयातील जुनीच अडचण. म्हणून मुद्रा वगळाव्या लागतील. ध्रुवपदांची पुनरावृत्ती एकदाच मोजावी लागेल. ज्ञानेश्वरीची कोणती प्रत? शके १५०६ मध्ये एकनाथांनी शुद्ध केलेल्या परंपरेतील प्रत घेतली, तर तुलनेसाठी आणलेल्या कवीचाच हात तुलनीय ग्रंथावर फिरलेला असणार. तेव्हा वि. का. राजवाडे यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध केलेली प्रतही सोबत घेऊन दोन्हींवर प्रयोग करावा लागेल. अभंग आखूड असतात, आणि एडर यांच्या अभ्यासानुसार आधुनिक कादंबऱ्यांच्या बाबतीतही पाच हजार शब्दांहून लहान नमुन्यांवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. म्हणून अनेक अभंग एकत्र करून यादृच्छिक नमुने पाडावे लागतील.

आता हिशोब करा. वारंवार शब्दांची संख्या शंभरापासून हजारापर्यंत दर शंभराला बदलली तर दहा फेऱ्या. ज्ञानेश्वरीच्या दोन प्रती. शब्द अखंड किंवा प्रत्यय सोडवून, असे दोन प्रकार. आणि प्रत्येक वेळी वीस यादृच्छिक नमुने. एकूण आठशे वेळा तेच विश्लेषण करावे लागते. हाताने कळ दाबणारा अभ्यासक हे करणार नाही. तो एकदा करील, फार तर तीनदा, आणि त्यांतील मनाजोगते चित्र छापील. आज्ञावली मात्र रात्रभरात आठशे फेऱ्या पूर्ण करील, प्रत्येक फेरीचे पर्याय व उत्तर नोंदवील आणि किती फेऱ्यांत एकनाथ एकत्र राहिले हे सकाळी सांगेल. स्वयंचलनाचे मोल वेगात आहे, असे समजले जाते. मला त्याचे मोल यात वाटते की, आठशेपैकी आपल्याला गैरसोयीची दोनशे उत्तरेही त्यात नोंदली जातात.

यावर एक आक्षेप येईल आणि तो दुर्लक्ष करण्याजोगा नाही. ज्या सोयीने आठशे फेऱ्या होतात त्याच सोयीने आठ हजार करून त्यांतील हवी ती निवडता येते; स्वयंचलन हे निवडक पुराव्याचे साधनही होऊ शकते. हे खरे आहे. परंतु हाताने केलेल्या निवडीचा माग राहत नाही, आज्ञावलीचा राहतो, जर ती सादर करण्याचे बंधन असेल तर. अर्थशास्त्रातील राइनहार्ट आणि रोगॉफ यांचा राष्ट्रीय कर्जावरील २०१० चा निबंध जगभर उद्धृत झाला. २०१३ मध्ये थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याला त्यांचे मूळ एक्सेल पत्रक पाहायला मिळाले, तेव्हा सरासरीच्या सूत्रातून पाच देश वगळले गेल्याचे, इतरही काही दोषांसह, उघडकीस आले. पत्रक हाती आले म्हणून ही चूक सापडली. आपल्या प्रबंधांची पत्रके कोणाच्या हाती येतात?

दुसरा आक्षेप असा की, वाङ्मयाची अशी मोजदाद मुळातच अवाङ्मयीन आहे. या आक्षेपाबद्दल मला आदर आहे, पण तो येथे गैरलागू वाटतो. ओव्या मोजणारे, पाठभेद नोंदवणारे, शब्दसूची सिद्ध करणारे अभ्यासक आपल्याकडे कितीतरी होऊन गेले. कोणते रूप कोणत्या शब्दाखाली घालावयाचे, हे त्यांना प्रत्येक चिठ्ठी लिहिताना स्वतःच ठरवावे लागे आणि चांगला संपादक ते नियम प्रस्तावनेत सांगून टाकी. आज्ञावली ही त्या प्रस्तावनेची आजची आवृत्ती आहे. तिच्यात नियम सांगितला आणि पाळला नाही, असे मात्र करता येत नाही.

अलीकडे एक तिसरीच सोय झाली आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला मराठीत विनंती केली की ते क्षणात आज्ञावली लिहून देते. तिचा उपयोग जरूर करावा. परंतु जी आज्ञावली आपण वाचू शकत नाही, ती आणि बाहेरून करवून घेतलेले कोष्टक यांत मला फरक दिसत नाही. शब्दाच्या व्याख्येची ती ओळ अशा तयार आज्ञावलीतही मुकाट्याने बसलेली असू शकते. ती ओळखण्यापुरती आज्ञावलीची भाषा शिकण्यास पदव्युत्तर वर्गाचे एक सत्र पुरे व्हावे. मोडी लिपी शिकवताना आपण प्रत्येकाला दफ्तरखान्याचा लेखनिक करू पाहत नाही. कागद वाचता यावा एवढीच अपेक्षा असते.

विभागांनी प्रबंध स्वीकारताना कोष्टकासोबत आज्ञावली, संहितांची यादी, प्रत्येक संहितेची आवृत्ती व छपाईचे वर्ष आणि वापरलेल्या सॉफ्टवेअरची नेमकी आवृत्ती एवढे मागावे. डेल्टाचे अंक तुलनेतील सर्व संहितांवर अवलंबून असल्याने एक ग्रंथ वाढवला तरी सगळे अंक बदलतात. म्हणून यादीविना अंकाला अर्थ नाही. परीक्षकांपैकी एकाने ती आज्ञावली आपल्या संगणकावर चालवून पाहावी. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या प्रयोगाला आज खरी अडचण आहे ती यंत्राची नाहीच. विश्वासार्ह पाठ असलेली, आवृत्ती नमूद केलेली, एकाच पद्धतीने युनिकोडमध्ये उतरवलेली एकनाथांच्या अभंगांची संहिता प्रथम हवी, आणि कोणते अभंग तीत घ्यावयाचे हे पाठचिकित्सकाला ठरवावे लागेल. आज्ञावलीची पहिली ओळ त्या संहितेचे नाव विचारते.